लाईट गेली की दादा गप्प

सोलापूरच्या उन्हाळ्याचं कुणी कौतुक करायला लागलं की माझं डोकं फिरतं. पुण्यात अशी माणसं हटकून भेटतात. "तुमच्याकडं कोरडी हवा, घामाची चिकचिक नाही, बरं असतं की," असं म्हणतात. त्यांना एप्रिलअखेरच्या एखाद्या दुपारी होटगी रोडला रिक्षाची वाट बघत उभं करावं आणि मग विचारावं, काय, बरं आहे ना? त्या वेळी कुत्रीसुद्धा गटारीच्या कडेला ओल शोधून पडलेली असतात. टाकीतलं पाणी हात भाजेल इतकं तापतं, दाराची कडी फडक्यानं धरावी लागते, आणि नळाला पाणी कधी येणार ते त्या नळालाच ठाऊक. लहानपणी मला हा उन्हाळा आवडायचा, ते नाकारून काय उपयोग? गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया, खिडकीला लावलेल्या ओल्या चादरीचा वास, दुपारभर पुरणारा ताकाचा तांब्या, कडक भाकरीवर तेल आणि शेंगाचटणी, सगळं आवडायचं. आता नाही आवडत. एका उन्हाळ्यानं आधीचे सगळे उन्हाळे खाऊन टाकले.

यंदाही तो आलाच. परवा रविवारी दुपारी आमच्या सोसायटीची लाईट गेली. जनरेटर सुरू व्हायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात पंखा मंदावत जातो आणि घर एकदम शांत होतं. मी ओट्याशी भाकरी थापत होते, हात परातीतच थांबला. आतल्या खोलीत भाग्यश्री फोनवर कुणाशी तरी बोलत होती. ती माझी भाची, माझ्या भावाची मुलगी, आमची भागू, आता नोकरीसाठी माझ्याकडंच राहते. तिचंही बोलणं थांबलं. आम्ही दोघी आपापल्या जागी कान देऊन उभ्या राहिलो. ऐकण्यासारखं काही नव्हतंच. इथं इन्व्हर्टर नाही आणि खिडकीपाशी खाट नाही. मग जनरेटर घरघरला, पंखा फिरला, तिनं फोनवर "हां, बोल" म्हटलं आणि मी भाकरी तव्यावर टाकली. त्याबद्दल दोघींपैकी कुणी चकार शब्द काढला नाही. आम्ही काढतच नाही.

माझा भाऊ सिद्राम सोलापूरच्या कांदा बाजारात लिलाव पुकारायचा. एका अडत्याच्या गाळ्यावर तो कामाला होता, पण खरेदीदार गाळ्याच्या नावानं नाही, दादाच्या आवाजानं गोळा व्हायचे. "मोडनिंबचा माल हाय, डोळं उघडून बघा की! हातात घेऊन बघा, वाजतोय का न्हाय!" असं ओरडत तो एका ढिगावरून दुसऱ्या ढिगाकडं निघाला की माणसांचा घोळका त्याच्यामागं सरकायचा. मी शाळेत असताना सुट्टीत डबा घेऊन जायची. बाजाराच्या फाटकातून आत शिरलं की दादा कुठं आहे हे शोधावं लागत नसे. घरीही त्याचा आवाज खाली यायचा नाही. वहिनी कावायच्या, "हितं काय लिलाव लागलाय व्हय? हळू बोला की जरा." आणि त्याला कुठलीही गोष्ट थोडक्यात सांगता यायची नाही. दूध उतू गेलं एवढं सांगायचं तर तो गवळ्याच्या म्हशीपासून सुरुवात करायचा. भाकरी ताटात गार व्हायची आणि आम्ही ऐकत बसायचो.

अशा माणसाची जीभ आधी अडखळायला लागली. लोकांना वाटलं, हा प्यायला लागला. मग डाव्या हातातून वस्तू पडायला लागल्या, मग पाय. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात, असा तो आजार. घरात लगेच गुन्हेगाराचा शोध सुरू झाला. चुलते म्हणाले, फवारणीचा माल खाऊन झालं. वहिनींच्या आईनं नजर काढली आणि कुणाची नजर तेही सांगून टाकलं. शेजारच्या काकांनी कांद्याच्या धुळीवर खापर फोडलं. डॉक्टर म्हणाले, याचं कारण सांगता येत नाही, कुणी काही केलेलं नाही, तुमची काही चूक नाही. ते मात्र कुणालाही पटलं नाही. कुणीतरी केलंय म्हटलं की निदान त्याच्यावर दात तरी खाता येतात. कुणीच केलं नाही म्हटल्यावर माणसानं कुठं बघायचं?

आवाज अजून बराच धड होता तेव्हाच दादानं तो साठवून ठेवला. एका कंपनीचं बोलकं मशीन होतं, पाटीएवढं. आधी माणसानं आपल्या आवाजात खूप सारी वाक्यं वाचून त्यात भरायची, आणि नंतर अक्षरं निवडली की मशीन ती त्याच आवाजात बोलून दाखवायचं. दादानं ती वाक्यं वाचताना सुद्धा भांडण काढलं होतं. "'मला आता विश्रांती घ्यावीशी वाटते', असं कोन बोलतं रं?" म्हणून त्यानं अर्धी वाक्यं आपल्या भाषेत बदलून वाचली. पुढं हात गेले तेव्हा हे मशीन खाटेला लावलेल्या स्टँडवर आलं. पडद्यावर अक्षरांच्या ओळी एकामागून एक उजळायच्या. दादाच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाखाली एक मऊ बटण होतं. हवी ती ओळ उजळली की दाबायचं, मग ओळीतलं अक्षर उजळलं की पुन्हा दाबायचं. पहिल्या दिवशी बराच वेळ धडपडून त्यानं जे वाक्य काढलं ते होतं, "सुरे, च्या टाक." सुरे म्हणजे मी. भरदार, बाजारातला तोच आवाज. मी चहा टाकायला गेले आणि गॅसपाशी उभी राहून रडले.

ती कंपनी पुढं बंद पडली. दादाचा आवाज त्या एका मशीनमध्ये कुलूपबंद राहिला. तो काढून दुसरीकडं नेता येत नव्हता, सगळे उपाय करून झाले होते. म्हणजे आता दादाचं तोंड जगात एकच होतं आणि ते त्या स्टँडवर होतं.

माझं काम कॉम्प्युटरच्या पोटातलं आहे. पडद्यावर दिसतं त्याच्या खूप खाली एक प्रोग्रॅम सतत चालू असतो, त्याला कर्नेल म्हणतात. वीज, मेमरी, बटणं, पडदा, सगळ्यांचा कारभार तो बघतो. तो पडला की वरचं सगळं पडतं. असल्या कर्नेलमधल्या चुका शोधण्यावर माझं पोट चालतं. दादाला त्याचं भारी हसू यायचं. "आमचा कांदा निदान दिसतो तरी. हिचं काम दिसत न्हाय, कळत न्हाय, पगार मातूर दरमहा दिसतोय," असं तो पाहुण्यांना सांगायचा. त्या उन्हाळ्यात मात्र माझं काम नेमकं त्याच्या छातीसमोर येऊन उभं राहिलं.

झालं असं की मशीन मध्येच मरायला लागलं. लाईट गेली की इन्व्हर्टर 'टक' करून सुरू व्हायचा, पंखा क्षणभर दबून पुन्हा फिरायचा, ट्यूब मिचकायची आणि मशीनचा पडदा काळा होऊन त्यावर बारीक पांढरी अक्षरं यायची. मग ते बंद करून चालू करावं लागे, आणि दादानं तोवर जुळवलेलं वाक्य गेलेलं असे. घरात कुणाला यात काही नवल वाटलं नाही. लाईट गेली, मशीन गेलं. सोलापुरात जन्म काढलेल्या माणसाला याच्यापुढं कारण लागत नाही. फार तर वहिनींनी इन्व्हर्टरवाल्याला बोलावलं, त्यानं पाणी बदललं, मग बॅटरी बदलली, मग "ताई, तुमच्या लाईनमधीच फॉल्ट हाय," म्हणून तो मोकळा झाला. भागूनं एकदा त्या काळ्या पडद्याचा फोटो मला पाठवला म्हणून मला कळलं. मी तो मोठा करून अक्षर न् अक्षर वाचला. लाईट गेल्यामुळं बंद पडणारं मशीन असं काही लिहून ठेवत नाही. हे कर्नेल कोसळलं होतं. खाली लिहिलं होतं, नल पॉइंटर.

हे काय असतं ते मी दादाला त्याच्याच बाजारातलं उदाहरण देऊन सांगितलं. हमालाच्या हातात चिठ्ठी द्यायची, अमुक नंबरच्या गाळ्यावर जा आणि पोतं आण. कर्नेल दिवसभर अशाच चिठ्ठ्या वाटत असतं. कधी चिठ्ठी कोरी निघते, तिच्यावर गाळाच नसतो. माणूस असता तर परत येऊन विचारलं असतं. हा हमाल विचारत नाही. तो कोरी चिठ्ठी घेऊन निघतो आणि त्याच्यासकट सगळा बाजार जागच्या जागी बंद पडतो. दादानं डोळे मिटले. एकदा मिटले की 'हो', उघडेच ठेवले की 'नाही', असं आमचं ठरलं होतं. मग बोट हलायला लागलं. थोड्या वेळानं मशीन म्हणालं, "हमाल बदल." आम्ही सगळे हसलो. त्या उन्हाळ्यातलं ते शेवटचं हसणं असावं.

मी ऑफिसचं काम घेऊन सोलापूरला येऊन राहिले, त्याचं कारण एक वाक्य होतं. दादाला भागूला काहीतरी सांगायचं होतं. तो सुरुवात करायचा, "भागू, त्या दिवशी तू", आणि टक. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "भागू, त्या दिवशी", आणि टक. एप्रिलात लाईटला काही धरबंधच नसतो. भागू खाटेशी स्टुलावर बसून वाट बघायची. "कुठल्या दिवशी, बाबा? माझा पाय मोडला त्या दिवशी? मी बाजारात हरवले होते त्या दिवशी?" तो डोळे उघडे ठेवायचा. नाही. तिनं आठवतील तेवढे दिवस सांगून बघितले. ती सांगायला लागली की त्याच्या कपाळावर आठी यायची. ज्यानं म्हशीपासून गोष्ट सांगायची, त्याला हो-नाहीवर आणून ठेवलं होतं, त्याचा राग त्या आठीत असे. मी पुठ्ठ्यावर अक्षरं लिहून आणली. आम्ही एकेक अक्षर बोलायचं, त्यानं डोळे मिटायचे, वीज लागत नाही आणि बटणही लागत नाही. पाणी, पंखा, कूस, एवढ्यासाठी त्यानं ते चालवून घेतलं. मी म्हटलं, "दादा, भागूचंही सांगून टाक की यावर." त्यानं डोळे टक्क उघडे ठेवले, आणि मशीनवर बोट लावून म्हणाला, "माज्या तोंडानं सांगतो."

आणि त्या बोटातलंही बळ चाललं होतं. ते सगळ्यांना दिसत होतं. आधी तो एका दमात बटण दाबायचा, आता उजळलेली ओळ निघून गेली तरी बोट पोचायचं नाही, मग फिरून त्या ओळीची पाळी येईपर्यंत थांबायचं. बटण मी खालून उचलून दिलं, स्प्रिंग हलकी केली. गालावर लावून बघितलं, हनुवटीवर लावून बघितलं, तिथंही जीव नव्हता. त्या बोटात जेवढं बळ होतं तेवढंच त्याचं बोलणं शिल्लक होतं, आणि प्रत्येक 'टक' त्यातला एक घास तोडून नेत होतं. गेलेलं वाक्य पुन्हा जुळवता येतं असं आपण म्हणतो. त्याला येत नव्हतं. एवढं साधं गणित मी रोज डोळ्यांसमोर बघत होते आणि माझ्या हातून काही होत नव्हतं.

दुरुस्त करायचं म्हणजे मशीन माझ्या ताब्यात पाहिजे, आणि मशीन माझ्या ताब्यात म्हणजे दादा मुका. दुपारी तो झोपला की मी ते हळूच काढून घ्यायची. कूलरसमोर फरशीवर बसायचं, मशीनला वायर जोडून आपल्या लॅपटॉपवर त्याच्या आतल्या नोंदी घ्यायच्या, मेन स्विच खाली ओढायचा, वर करायचा. गल्लीत चिटपाखरू नसायचं. कधी मशीन मरायचं, कधी नाही. इन्व्हर्टरला जागं व्हायला कधी डोळ्याचं पातं लवेल एवढा वेळ लागतो, कधी त्याहून जरा जास्त. त्या जरा जास्तमध्ये कुठंतरी ती कोरी चिठ्ठी निघत होती. पुण्यात माझ्या टेबलावर तसल्याच जातीचं एक मशीन होतं, तिथं सहकाऱ्यानं हजारदा वीज तोडून बघितली, ते एकदाही पडलं नाही. "आमच्याकडं तर चालतंय," असा निरोप आला. आमच्या धंद्यात याच्याइतकं निर्दय वाक्य दुसरं नाही. मी ते दुसऱ्यांना कितीदा ऐकवलं असेल कोण जाणे.

चिठ्ठी कोण पुसतंय, एवढंच मी शोधत होते. चिठ्ठी कोरी आहे म्हणजे तिच्यावर आधी काहीतरी होतं आणि ते कुणीतरी पुसलं, हे मी धरूनच चालले होते. कर्नेलची पानंच्या पानं वाचून काढली. याच्यावर संशय, त्याच्यावर संशय. प्रत्येक कोपऱ्यात पहारे बसवले की कुणी हात लावला तर नोंद व्हावी. नोंद काही यायची नाही, मशीन मात्र मरायचं. बाहेर वावटळ उठायची, खिडकीची ओली चादर बघता बघता वाळून कडक व्हायची, आणि वहिनी दारातून म्हणायच्या, "वन्सं, द्या की आता. उठलेत ते." मी वळून बघायची तर दादा जागा असायचा. किती वेळापासून, देव जाणे. तो माझ्याकडं बघत पडलेला असायचा, रागावलेला नाही, काही नाही. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

मे महिना लागला तसं त्याचं बोलणं आखडत गेलं. आपल्या वाक्यांना लाईट गाठते हे त्याला कळलं होतं, म्हणून तो वाक्यंच करेना. "पाणी." "डास." "कूस." लिलाव पुकारणारा, गोष्टीला म्हशीपासून हात घालणारा माझा भाऊ दोन-तीन अक्षरांत बोलायला लागला.  आवाज तोच, ठणठणीत, मैदानभर पोचणारा, आणि त्या आवाजात एवढंच, "डास." फक्त संध्याकाळी भागू कॉलेजातून आली की तो पुन्हा तिथूनच सुरू करायचा. "भागू, त्या दिवशी". मी मनात म्हणायची, आज राहू दे लाईट, एवढी एक संध्याकाळ राहू दे. कधीही देवळात न जाणारी मी, महावितरणच्या तारांकडं बघून हात जोडायची.

मग एका दुपारी मशीन पुसताना ते माझ्या हातात उलटं झालं. मागं बॅटरीचं झाकण होतं. मी ते कधी उघडलं नव्हतं, कारण पडद्याच्या कोपऱ्यात भरलेल्या बॅटरीचं चित्र कायम दिसायचं. झाकण जरा खुळखुळलं म्हणून नखानं उचकटलं, तर आत साडीच्या खोक्याचा घडी घातलेला पुठ्ठा. बॅटरी नव्हतीच.

"वहिनी, याची बॅटरी कुठंय?"

वहिनी पोळपाट पुसत आल्या. "ती व्हय? फुगली होती की. होळी झाल्या झाल्या. पापडासारखी टम्म. दुकानवाला म्हणला, उन्हानं फुगत्यात, काढून टाका. टाकली. झाकण वाजायला लागलं म्हणून मीच पुठ्ठा घातला."

"मला सांगितलं का नाही?"

"त्यात काय सांगायचं? सगळ्यांच्या लॅपटॉपच्या काढल्यात गल्लीत. लाईट हाय, इन्व्हर्टर हाय, बॅटरी कशाला पायजे?"

"दुसरी बसवू आपण. आजच मिळते का बघते."

"ब्याड!" वहिनी अक्कलकोटकडच्या, जिवाशी आलं की त्यांची कानडी बाहेर येते. ब्याड म्हणजे नको. "ब्याड म्हणते ना वन्सं. ती फुटली तर? आपन उठून पळू. ते कसं पळतील? त्यांच्या छातीशी मी बॅटरी ठिवू देनार न्हाय."

मी झाकण परत बसवलं. त्यांचं काय चुकलं होतं? ज्या माणसाला बोट सोडून काही हलवता येत नाही, त्याच्या छातीशी फुगणारी वस्तू ठेवायची नाही, हे कुणाही शहाण्या बाईला कळतं. पण जगात कुठंतरी बसून ते कर्नेल लिहिणाऱ्याला हे सुचलंच नव्हतं. पाटीसारखं मशीन आहे म्हणजे त्यात बॅटरी असणारच, असं त्यानं गृहीत धरलं होतं. वीज चाचरली की तेवढा क्षण मशीन चार्जरात साठलेल्या विजेवर तगायचं, पण कर्नेल बॅटरीला विचारायला माणूस धाडायचं, किती शिल्लक आहे गं? आणि बॅटरीच्या नावाची चिठ्ठी कोरी. कुणी पुसली नव्हती. मशीन चालू होताना बॅटरी सापडलीच नाही, म्हणून तिच्यावर काही लिहिलंच गेलं नव्हतं. मी महिनाभर ज्याचा माग काढत होते तो गुन्हेगार नव्हताच. डॉक्टरांचं बोलणं मला त्या फरशीवर बसून पहिल्यांदा पटलं, आणि पटल्यावर इतकं एकटं वाटलं की वहिनी गेल्या तरी मी उठलेच नाही.

दुरुस्ती म्हणाल तर दोन ओळींची. बॅटरी नसेल तर विचारायला जाऊ नकोस, गुमान परत फिर. नंतर मी त्या ओळी कर्नेल सांभाळणाऱ्यांकडं पाठवल्या. परदेशातल्या कुणीतरी आभार मानून त्या घेतल्या. आता त्या कुठल्या कुठल्या मशीनमध्ये असतील. माझे सहकारी म्हणतात, बघ, तुझ्या भावामुळं केवढ्या लोकांचं भलं झालं. मी मान हलवते. मला त्याचं तिळमात्र समाधान नाही, आणि नाही ते आहे असं म्हणण्याइतका मोठेपणा माझ्यात नाही. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी दादा गेला.

पण त्या संध्याकाळबद्दल सांगते. नवं कर्नेल मशीनमध्ये घातलं, मेन स्विच ओढला, सोडला, पुन्हा ओढला. टक, टक, टक. मशीन हललं नाही. वहिनींनी कपाळावरचा घाम पुसला आणि दादाच्या कानाशी वाकून मोठ्यानं सांगितलं, "आता जाऊ दे लाईट जायची तितं. तुमी बोला बघा आता मनासारखं." भागू कॉलेजातून आली, हातपाय धुऊन स्टुलावर बसली. मी मशीन पुढं सरकवलं, बोट बटणावर नीट ठेवलं. ते बोट माझ्या हाताला कसं लागलं ते मला लिहिता येत नाही.

"दादा, सांग आता," मी म्हटलं. "भागूला जे सांगायचंय ते सांग. लागू दे कितीही वेळ. काही जात नाही आता."

तो भागूकडं बघत राहिला. पडद्यावर ओळी उजळत होत्या, विझत होत्या, त्याच्या बोटाची वाट न बघता पुढं जात होत्या. बऱ्याच वेळानं बोट हललं. पहिलं अक्षर आलं, इ. पुढच्या अक्षराला ओळ दोनदा निघून गेली, तिसऱ्यांदा सापडली. स. खिडकीतलं ऊन चादरीवरून भिंतीवर गेलं. मध्येच लाईट खरीच गेली. टक झालं, पंखा दबला, ट्यूब मिचकली, पडदा तसाच उजळत राहिला, आणि आम्हा तिघींपैकी कुणाला आनंद झाला नाही, कारण आमचं लक्ष अक्षरांकडं होतं. 'भागू'नं सुरुवात का नाही, हे आम्हाला कळत नव्हतं. शेवटी त्यानं ते बोलण्याचं बटण दाबलं. बाजाराच्या फाटकापर्यंत ऐकू जायचा त्या आवाजात मशीन म्हणालं, "इसरलो."

"असू दे की बाबा," भागू म्हणाली. पटकन म्हणाली. रुमाल घेऊन तिनं त्याच्या ओठांच्या कडा पुसल्या, उशी सारखी केली आणि चहा ठेवायला आत गेली. त्यानंतर दादाचं बोट पुन्हा त्या बटणावर चाललं नाही.

त्या आजारात अंग जातं, डोकं जात नाही. डॉक्टरांनी ते आम्हाला समजावून सांगितलं होतं. आदल्या संध्याकाळपर्यंत "भागू, त्या दिवशी" म्हणणारा माणूस एका दिवसात विसरला नव्हता. आपल्या बोटात किती राहिलंय आणि ते वाक्य किती लांब आहे, याचा अंदाज त्यानं घेतला. ते अर्ध्यावर सुटलं असतं तर पोरगी जन्मभर त्या अर्ध्या वाक्यापाशी बसून राहिली असती. म्हणून उरलेलं सगळं बळ खर्चून त्यानं तिला त्या स्टुलावरून उठवलं. हे मला त्याच क्षणी कळलं. वहिनींनाही कळलं असावं, त्या भिंतीकडं तोंड करून उभ्या होत्या. भागूनं मात्र आजवर मला विचारलेलं नाही की आत्या, बाबा खरंच विसरले होते का गं. कधी विचारलं तर मी 'व्हय' म्हणणार आहे.